जुन्या मोटारीचे ब्रेक : डिस्क बसवण्यापूर्वी

सोलापूर-सांगली मार्गावरील मंगळवेढा हा काळ्या मातीचा, ज्वारीचा सपाट टापू. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर येथील वाहतुकीचा वेग वाढला. पण गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही असतात. अशा ठिकाणी जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर बाहेर काढणाऱ्याने इंजिनाच्या आधी ब्रेककडे लक्ष दिले पाहिजे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीची फियाट ११०० पुढे १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ नावाने ओळखली गेली. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी हौशी मालकांनी अनेक गाड्या जपल्या आहेत. या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मोटारीचा वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर झाला, तर थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ड्रममध्ये साठते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही गाडी अपेक्षेप्रमाणे थांबत नाही.

आधी दुरुस्ती

अनेकदा दोष ड्रम पद्धतीचा नसून झिजलेल्या भागांचा असतो. व्हील सिलिंडरची गळती, आतून फुगलेले रबरी होज, गंजलेल्या नळ्या, लंबगोल झालेले ड्रम आणि तेल लागलेले लायनर प्रथम तपासावेत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते; म्हणून त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. त्यामुळे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलणे हिताचे. सिलिकॉनयुक्त डॉट ५ त्यात मिसळू नये.

दोन परिपथांचा मास्टर सिलिंडर

जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच परिपथातून दाब मिळतो. एक होज फुटला की पायाचा ब्रेक पूर्णपणे जातो. उरतो तो केवळ हातब्रेक. दोन स्वतंत्र परिपथांचा मास्टर सिलिंडर बसवल्यास एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवू शकतो. ब्रेकची ताकद वाढवण्यापूर्वी करण्याजोगी ही सर्वांत मोलाची सुधारणा होय.

डिस्क आणि समतोल

पुढील चाकांना डिस्क बसवल्याने उष्णता लवकर निघून जाते आणि भिजल्यानंतरही ब्रेक लवकर पूर्ववत होतात. मात्र ड्रममधील शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट दाबले जातात. डिस्कला ती मदत नसल्याने अधिक दाब लागतो. म्हणून बूस्टरची गरज भासते. बूस्टर पेट्रोल इंजिनाच्या निर्वातावर चालतो; डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीला स्वतंत्र निर्वात पंप लागतो.

मास्टर सिलिंडरचा व्यास कॅलिपरशी जुळला पाहिजे. ड्रमसाठी दाब राखून ठेवणारी झडप डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड सतत घासत राहतात. मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकली, तर गाडी गरकन फिरते. त्यामुळे मागील दाब मर्यादित करावा लागतो. रिम आणि कॅलिपर यांतील अंतर, तसेच स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होजला पडणारा ताणही पाहावा. कॅलिपरचा आधार साध्या पट्टीला वेल्डिंग करून तयार करणे धोक्याचे आहे.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरबदल करता येत नाही. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून खुलासा घ्यावा. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखण्यावर भर आहे. म्हणून काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि शक्यतो गाडी पुन्हा पूर्ववत करता येईल असेच काम करावे.

चाचणी

काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. त्यानंतर मोकळ्या जागी कमी वेगापासून सुरुवात करून गाडी सरळ थांबते का, हे पाहावे. शेवटी रस्त्याला धरून ठेवतात ते टायरच. ते कडक झाले असतील, तर उत्तम डिस्कही थांबण्याचे अंतर कमी करू शकत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसल्यावर हेच अंतर जीव वाचवते किंवा घेते.