अंध मुलींचा मल्लखांब

१८९९-१९०० चा दुष्काळ नगरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यास फार कठीण गेला. पोरक्या झालेल्या मुलांना अमेरिकन मराठी मिशननें आश्रय दिला. नगर हें त्या मिशनचें १८३१ पासूनचें ठाणें. या अनाथांत अंध मुलेंहि होतीं. त्यांच्यासाठीं मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० मध्यें मुंबईंत शाळा काढली. तीच पुढें दादरची कमला मेहता अंधशाळा झाली.

त्याच दादरला, शिवाजी पार्कवर, १९२५ मध्यें स्थापन झालेलें श्रीसमर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथील गुरुजन श्री. उदय देशपांडे यांनीं अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविला. त्यांना २०२४ सालीं पद्मश्री मिळाली.

अंधांसाठीं खेळ बदलावयाचा म्हणजे बहुधा साधन बदलावयाचें. १९२२ सालीं मेलबर्नच्या अंध कामगारांनीं पत्र्याच्या डब्यांत खडे घालून त्याचा चेंडू केला, व त्याच्या आवाजावर क्रिकेट उभें राहिलें. मल्लखांबांत असें कांहीं करावें लागलें नाहीं. चेंडू दुरून येतो. दोरी हातांतच असते. तिला गांठ नसते. पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत ती धरून वर चढावयाचें, आणि मांड्यांची अढी घालून हात मोकळे करावयाचे. हें सारें स्पर्शाचेंच काम आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांना ही विद्या मारुतीनें स्वप्नांत दाखविली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे तीहि मिटल्या डोळ्यांनींच शिकलेली!

बदलावी लागते ती शिकविण्याची रीत. डोळस मूल दुसऱ्याचें पाहून निम्मी पकड उचलतें. अंध मुलीला मात्र दोरीवरील मुलीचे हातपाय चाचपावे लागतात, किंवा गुरुजींनीं तिचा पाय धरून जागेवर बसवावा लागतो. प्रत्येक पकडीला ठरलेलें नांव आहे, त्यामुळें पुढें शब्दानेंहि भागतें. पण जें आजवर नुसतें करून दाखविलें, तें शब्दांत सांगणें शिक्षकालाच अवघड.

उंची दिसत नाहीं म्हणून या मुलींना भीति नसते, असें कांहीं लोक म्हणतात. तें खरें नव्हे. उंची हाताला कळते, आणि अढी चुकली तर डोकें खालीं असतांना पडण्याचा धोका डोळसाइतकाच असतो. शिवाय, 'जपून चाल, पडशील' हें वाक्य ऐकतच ती मुलगी वाढलेली असते; तिला आईबापांनीं दोरीवर चढूं देणें हीच पहिली पायरी. वर गेल्यावर मात्र ठेंच लागावयास भिंत नसते, कीं उंबरा नसतो. उतरतांना जमीन किती उरली, तेवढें खालून कोणीतरी सांगावें लागतें.