पाहणाऱ्या यंत्राची कथा

भाईंदरच्या खाडीकांठीं सूर्य मावळूं लागला म्हणजे पाण्यावर तांबूस प्रकाश पसरतो, पलीकडचा वसईचा किनारा काळसर होतो, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाच्या हातांतील भ्रमणध्वनी सहजच वर होतो. क्षणार्धांत चित्र उमटतें. त्यांत आकाशाचा रंगही फिका पडत नाहीं आणि पुढें उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही काळोखांत बुडत नाहीं. आकाश राखावें तर चेहरा जातो आणि चेहरा राखावा तर आकाश जातें, ही जुन्या छायाचित्रकाराची नित्याची अडचण होती. ती दूर झाली ती भिंगामुळें नव्हे, गणितामुळें. यंत्र एकामागून एक अनेक चित्रें टिपतें, ठिपक्याला ठिपका जुळवून पाहतें आणि त्या सर्वांचें सार काढून एक चित्र रचतें. हें अवाढव्य गणित नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, अत्यल्प विजेंत कसें होऊं लागलें, याचा इतिहास उद्बोधक आहे. आणि त्याचा एक धागा भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशीं, दक्षिण मुंबईंत सांपडतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, डॉ. होमी भाभा यांच्या कारकीर्दींत, कांहीं तरुण संशोधकांनीं गणकयंत्र उभारण्याचें काम हातीं घेतलें. त्यांत रंगस्वामी नरसिंहन् हे प्रमुख होते. १९५४ सालीं ते संस्थेंत दाखल झाले होते. प्रथम नमुन्याचें लहान यंत्र झालें, आणि १९६० सालीं पूर्ण आकाराचें यंत्र कार्यान्वित झालें. ‘टिफ्रॅक’ हें त्याचें नांव. सुमारें २,७०० निर्वात नलिकांच्या या यंत्राच्या स्मृतींत अवघे २,०४८ शब्द मावत. आजच्या भ्रमणध्वनीनें टिपलेल्या एका छायाचित्राचा कोपरासुद्धां त्यांत राहिला नसता. तथापि गणकयंत्र केवळ आंकडेमोडीपुरतें नाहीं, त्याला चित्रही वाचतां येईल काय, हा प्रश्न नरसिंहन् यांच्या मनांत रुजला.

१९६१ सालीं ते अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत गेले. त्या काळीं पदार्थवैज्ञानिक एका विलक्षण संकटांत होते. बुदबुदपेटींतून जाणारे सूक्ष्म कण आपल्या मार्गावर बुडबुड्यांची रेघ सोडीत. त्या रेघांचीं छायाचित्रें इतक्या प्रचंड संख्येनें निघत कीं, तीं डोळ्यांनीं तपासतां तपासतां माणसें थकून जात. नरसिंहन् यांनीं असा विचार मांडला कीं, वाक्याला जसें व्याकरण असतें तसें चित्रालाही असतें. रेघा, टोकें आणि छेदनबिंदु हे त्याचे शब्द होत. ब्रूस मॅकॉर्मिक यांच्या नेतृत्वाखालीं याच कामासाठीं ‘इलियाक-३’ हें यंत्र आंखण्यांत आलें. त्याच्या गाभ्यांत ३२ ओळी आणि ३२ स्तंभ मिळून १,०२४ लहान गणनघटक होते. प्रत्येकानें चित्राचा आपापला ठिपका सांभाळावयाचा, शेजाऱ्याशीं बोलावयाचें, आणि सर्वांनीं एकाच वेळीं काम करावयाचें, अशी ती योजना होती. १९६८ सालीं आग लागून तें यंत्र नष्ट झालें. यंत्र जळालें, कल्पना मात्र जळाली नाहीं. नरसिंहन् १९६४ सालींच मुंबईस परतले होते.

पुढील कित्येक वर्षे या कल्पनेची निकड सर्वसाधारण गणकयंत्राला भासली नाहीं. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतशी त्याची विजेची भूकही कमी होईल, हा रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९७४ सालीं मांडलेला नियम तीस वर्षे उपयोगी पडला. २००५ च्या सुमारास मात्र तो थकला. नेमक्या त्याच काळांत छायाचित्रण खिशांतल्या मोबाइलमध्यें शिरलें होतें. १ कोटी २० लक्ष ठिपक्यांचें चित्र सेकंदास ३० वेळां घ्यावयाचें, आणि प्रत्येक ठिपक्यासाठीं तो स्वतः व त्याचे आठ शेजारी असे नऊ गुणाकार करावयाचे, तर सेकंदाला ३२४ कोटी गुणाकार होतात. आणि ही तर केवळ एका साध्या चाळणीची गोष्ट झाली!

तरीही खरा खर्च गुणाकाराचा नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क हॉरोविट्झ यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें कीं, एक साधी बेरीज करण्यास जी ऊर्जा लागते तिच्या हजारों पट ऊर्जा बाहेरच्या स्मृतींतून आंकडा आणण्यास लागते. एकेका पोळीचें पीठ आणण्यासाठीं दर खेपेस गिरणीपर्यंत जाणाऱ्या गृहिणीचे श्रम लाटण्यांत नव्हे, चालण्यांतच संपतील. पिठाचा डबा ओट्याशेजारीं ठेवणें हाच त्यावरील उपाय. दृष्टीसाठीं घडविलेल्या चिपांचें सारें रहस्य एवढेंच आहे: थोडी स्मृति गणनघटकाच्या अगदीं शेजारीं, आणि असे घटक पुष्कळ.

२००५ सालीं डब्लिन येथें स्थापन झालेल्या ‘मूव्हिडियस’नें याच तत्त्वावर ‘मिरियाड’ नांवाच्या चिपा घडविल्या. २०१४ सालच्या ‘मिरियाड-२’ मध्यें असे बारा प्रोसेसर होते, आणि तिची गरज सुमारें एका वॅटची होती. २०१६ सालीं ‘इंटेल’नें ती कंपनी विकत घेण्याचें जाहीर केलें. पुढल्याच वर्षीं ‘गूगल’नें आपल्या भ्रमणध्वनींत निराळी चिप बसविली. तिच्या आठ गाभ्यांत प्रत्येकीं ५१२, म्हणजे एकूण ४,०९६ गणनघटक होते. अनेक चित्रांतून एक चित्र रचण्याचें तें सायंकाळचें काम मुख्य प्रोसेसरच्या मानानें पांचपट वेगानें, आणि एकदशांशाहूनही कमी ऊर्जेंत होऊं लागलें. इलियाकचे १,०२४ घटक मोठ्या दालनांत होते. त्यांच्या चौपट घटक आतां सदऱ्याच्या खिशांत आले.

या काटकसरीचा लाभ बॅटरीपुरताच आहे असें समजणें चूक ठरेल. जें यंत्र स्वतःपाशींच पाहूं शकतें, त्याला चित्र दूरच्या गणकयंत्राकडे धाडण्याची गरज उरत नाहीं. घरांतल्या मुलाचा चेहरा, आजीच्या औषधाची चिठ्ठी, अंध माणसासाठीं वाचावयाची दुकानावरची पाटी, हीं सारीं ज्याचीं त्याच्याच हातांत राहूं शकतात. अर्थात् तीं तशींच राखावयाचीं कीं नाहीं, हें चिप ठरवीत नाहीं. तें ती वापरणाऱ्या कंपन्या, कायदे आणि जागरूक नागरिक ठरवितात. अल्प विजेनें पाहणारा हा डोळा रात्रंदिवस उघडा ठेवणेंही तितकेंच स्वस्त झालें आहे, हें विसरून चालणार नाहीं.

यंत्राला पाहावयास शिकविणें हें माणसाच्या बुद्धीचें काम होतें. त्यानें काय पाहावें हें ठरविणें माणसाच्या विवेकाचें आहे. खाडीवरचा प्रकाश मावळल्यावर भ्रमणध्वनी खिशांत ठेवतांना त्या तरुणानें हा प्रश्नही सोबत घरीं न्यावा.