घरच्या बागेतील रानफूल : इंग्लंडमधील स्नोड्रॉपचे संवर्धन आणि तुर्कस्तानातील कंदव्यापार

प्रस्तावना

उद्यानांचा इतिहास बहुधा राजवाडे, उमरावांच्या हवेल्या आणि शास्त्रीय वनस्पती-उद्याने यांच्या आधारे लिहिला गेला आहे. सामान्य माणसाने घरामागील दोन-चार वाफ्यांत काय लावले आणि ते कोठून आणले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. या दृष्टीने इंग्लंडमधील स्नोड्रॉपचे उदाहरण उद्बोधक आहे. हिवाळा सरता सरता झाडांखाली उमलणारे हे वीतभर उंचीचे पांढरे फूल आज अस्सल इंग्रजी रानफूल समजले जाते. प्रत्यक्षात ते बागेतून रानात गेले आणि त्याच्या वाढत्या हौसेचा भार पुढे दूरच्या डोंगरांवर पडला. या प्रक्रियेचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बागेतून रानाकडे

मध्य व दक्षिण युरोपातील पानझडी जंगले हे सामान्य स्नोड्रॉपचे मूळ स्थान होय. झाडांना पालवी फुटण्यापूर्वी जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात ही वनस्पती पाने, फुले व बी धरते आणि सावली दाट होताच कंदरूपाने जमिनीखाली सुप्त राहते. १५९७ साली जॉन जेरार्ड यांनी आपल्या वनस्पतिकोशात तिचे वर्णन केले, ते कंद असलेले व्हायोलेट म्हणून. १७५३ मध्ये लिनियस यांनी तिला 'गॅलँथस निवालिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'गाला' म्हणजे दूध व 'आंथोस' म्हणजे फूल.

इंग्लंडच्या रानात ही वनस्पती आढळल्याच्या नोंदी मात्र १७७०च्या दशकापासूनच मिळतात. बागेतील नोंद आणि रानातील नोंद यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. जुन्या ख्रिस्ती मठांच्या परिसरात हिचे ताटवे दिसतात आणि २ फेब्रुवारीच्या कँडलमस सणाशी तिचा संबंध जोडला जातो. त्यामुळे ती मठवासीयांनी आणली असावी, अशी समजूत रूढ झाली. मार्ग कोणताही असो, माणसाने लावलेली वनस्पती कुंपणाबाहेर पसरली आणि काही पिढ्यांत 'आपली' झाली, एवढे स्पष्ट होते.

वनोद्यानाची कल्पना व कंदांची मागणी

१८७० मध्ये विल्यम रॉबिन्सन यांचा 'द वाइल्ड गार्डन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दर हंगामात रोपे बदलून नक्षीदार वाफे सजविण्याच्या तत्कालीन पद्धतीवर त्यांनी टीका केली. परदेशी असल्या तरी हवामानास टिकणाऱ्या वनस्पती झाडांखाली व गवतात अशा लावाव्यात, की त्या पुढे स्वतःच्या बळावर वाढतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोठ्या बागेइतकीच ही कल्पना लहान घराच्या बागेलाही लागू पडणारी होती. पानझडी झाडाची सावली, पालापाचोळ्याचे खत आणि मूठभर कंद एवढ्यावर तिचा आरंभ होई.

याच काळात नव्या जाती उपलब्ध होत गेल्या. क्रिमियन युद्धातून (१८५३-५६) परतलेल्या सैनिकांनी रुंद पानांची 'प्लिकॅटस' जाती आणली. १८७४ मध्ये हेन्री जॉन एल्वेस यांना स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमिरजवळच्या डोंगरात मोठ्या फुलांची जाती आढळली. पुढील वर्षी जोसेफ हूकर यांनी तिला 'एल्वेसी' असे नाव दिले. त्यानंतर स्मर्ना येथील इंग्रज व्यापारी एडवर्ड व्हिटॉल यांनी गावकऱ्यांकडून कंद खोदवून घेऊन ते मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला पाठविले. घरच्या बागेतील 'निसर्ग' अशा रीतीने दुसऱ्या देशातील डोंगर खोदून उभा राहू लागला.

संग्राहक आणि देवाणघेवाण

याला समांतर असा दुसरा प्रवाहही होता. शेप्टन मॅलेट येथील जेम्स ॲलन यांनी बियांपासून अनेक नवे वाण तयार केले. १८९१ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या स्नोड्रॉप परिषदेत त्यांनी आपला अनुभव मांडला. पुढे बुरशी व माशीच्या प्रादुर्भावाने त्यांचा संग्रह बराचसा नष्ट झाला. त्यांनी इतरांना दिलेले 'मॅग्नेट'सारखे वाण मात्र टिकून राहिले. एनफिल्डचे ई. ए. बोल्स (१८६५-१९५४) यांच्या बागेतूनही असेच कंद मित्रांकडे जात. वाटून टाकलेलेच जतन झाले, हा या परंपरेचा धडा होय.

या देवाणघेवाणीला वनस्पतीच्या स्वभावाचाही आधार होता. स्नोड्रॉपचा कंद कोरडा पडल्यास लवकर निकामी होतो. म्हणून फुले सरल्यावर, पाने हिरवी असतानाच गड्डा विभागून तो शेजाऱ्याला देण्याची पद्धत पडली. दुकानातील सुकलेल्या कंदापेक्षा शेजारच्या बागेतील ओला कंद अधिक भरवशाचा ठरे.

नियमन आणि पर्याय

तरीही विसाव्या शतकात स्वस्त कंदांची बाजारपेठ वाढली. १९८०च्या दशकात तुर्कस्तानातून दरवर्षी कोट्यवधी रानकंद निर्यात होत आणि त्यांतील बरेचसे नेदरलँड्समधील व्यापाऱ्यांमार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचत. खरेदीदाराला ते लागवडीचेच वाटत. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीविना रानटी वनस्पती उपटण्यास बंदी घातली. आयात कंदांचा प्रश्न मात्र त्या बंदीच्या कक्षेबाहेर होता. १९९० मध्ये संपूर्ण गॅलँथस प्रजातीचा 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला आणि निर्यातीस परवाना आवश्यक ठरला. १९९०च्या दशकात टॉरस पर्वतातील गावकऱ्यांनी कंद रानातून खोदण्याऐवजी शेतात वाढवावेत, यासाठी प्रकल्प राबविण्यात आला. ज्यांची उपजीविका खोदकामावर होती त्यांनाच लागवडीत सामावून घेणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

समारोप

२०१५ मध्ये 'गोल्डन फ्लीस' या वाणाचा एक कंद १,३९० पौंडांना विकला गेला. दुर्मीळतेचे मोल संग्राहक जाणतो, याची ही साक्ष आहे. परंतु डोंगरातून उपटलेल्या साध्या कंदाचे मोल त्याच बाजारात फार काळ कोणी विचारले नाही. घरची बाग ही निसर्गस्नेही असतेच असे नाही. तिचा स्नेह कंद कोठून आला यावर ठरतो. कायद्याने १९९० मध्ये जे साधू पाहिले, ते गड्डा विभागून शेजाऱ्याला देणाऱ्या सामान्य बागकर्त्याच्या व्यवहारात आधीपासूनच होते. म्हणूनच अशा अलिखित व्यवहारांची दखल घेतल्याखेरीज उद्यानांचा इतिहास पूर्ण होणार नाही.