न सांगता गेलेले मास्तर

धर्माबादहून माझ्या पुतण्याचा मुलगा गेल्या वर्षी इकडे दिलसुखनगरला शिकायला आला. आपल्या देगलूर-बिलोली-धर्माबाद भागातली बरीच मुले हल्ली नांदेड-लातूर सोडून थेट हैदराबाद गाठतात. गाडीत बसले की काचीगुडा, आणि काचीगुड्याहून दिलसुखनगर ते किती लांब! साईबाबाच्या देवळापासून चैतन्यपुरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवण्यांचे फलक आहेत. फलकावर शिक्षकांचे फोटो नटांसारखे छापलेले असतात. एकेका विषयाच्या मास्तरला इथे सिनेमातल्या नायकाइतका मान, आणि तितकीच चंचल बाजारपेठही.

पोरगा दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. एका रविवारी त्याने ताटाला हात लावला नाही. त्याच्या क्लासचे भौतिकशास्त्राचे सर शुक्रवारी नेहमीसारखे शिकवून गेले, फळ्यावर अर्धे गणित ठेवले, "उरलेलं सोमवारी" म्हणाले आणि शनिवारी समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या फलकावर त्यांचा फोटो झळकला. परीक्षेला चार महिने उरलेले. "आजोबा, निदान सांगून तरी जायचं," एवढेच तो म्हणाला. क्लासवाल्यांनी फीचे पैसे परत दिले नाहीत हे वेगळे.

मी स्वतः तीस वर्षे देगलूरकडे मास्तरकी केली, त्यामुळे त्याच्या रागाला माझ्याकडे उत्तर असायला हवे होते. ते नव्हते. उलट मला वेगळेच काही आठवत राहिले. त्यासाठी दिलसुखनगरपासून फार लांब जावे लागत नाही.

मूसारामबाग ओलांडून आस्मानगढच्या टेकडीवर गेले की एक काळा दगडी सुळका दिसतो. ही मिशेल रेमंड या फ्रेंच माणसाची समाधी. तो १७८६ च्या सुमारास निजामाच्या नोकरीत शिरला आणि त्याने निजामाच्या पायदळाला युरोपी पद्धतीची कवायत शिकवली, तोफा ओतण्याचा कारखाना काढला. आजच्या गनफाउंड्री भागाचे नाव त्याच कारखान्यावरून पडले. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत आणि हिंदू मूसा राम. मूसारामबाग हे नाव त्यातूनच आले. मराठी वाचकाला हा माणूस खर्ड्याच्या लढाईतला म्हणून ओळखीचा असेल. मार्च १७९५ मध्ये पेशव्यांच्या बाजूच्या फौजांपुढे निजामाकडून याच रेमंडच्या पलटणी उभ्या होत्या. आपण त्याला शत्रूचा सरदार म्हणून वाचतो. इथल्या शिपायाच्या लेखी मात्र तो उस्ताद होता.

रेमंड २५ मार्च १७९८ रोजी वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, आणि त्यातल्या अटीप्रमाणे फ्रेंच अधिकाऱ्यांना काढून टाकायचे ठरले. २२ ऑक्टोबरला इंग्रज फौजेने छावणीला वेढा घातला. आत चौदा हजारांच्या आसपास शिपाई होते. त्यांचा पगार थकलेला होता आणि आपल्याच अधिकाऱ्यांना त्यांनी अडकवून ठेवले होते. वर्षानुवर्षे ज्यांनी पाऊल कसे टाकायचे ते शिकवले, ते आता आपल्याला टाकून जाणार आणि थकबाकी बुडणार, ही भीती त्यामागे असणार असे मला वाटते. शेवटी शस्त्रे खाली ठेवली गेली, फ्रेंच अधिकारी इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि परमुलखातून आलेल्या या शिक्षकांची शाळा एका दिवसात उठली. इतिहासाच्या पुस्तकांत याला मुत्सद्देगिरीचा विजय म्हणतात. त्या शिपायांनी त्याला काय म्हटले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

दुसरी हकीकत खऱ्याखुऱ्या प्राध्यापकाची आहे. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगाली गृहस्थ एडिंबरोहून विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन १८७८ मध्ये हैदराबादला आले. सरोजिनी नायडूंचे हे वडील. ज्या कॉलेजातून पुढे १८८७ मध्ये निजाम कॉलेज आकाराला आले, त्याचे ते प्राचार्य होते. १८८३ मध्ये हैदराबादहून चांद्याकडे लोहमार्ग नेण्याची योजना निघाली. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. लंडनच्या भांडवलदारांना द्यायच्या सवलती लोकांपुढे मांडाव्यात, एवढीच मागणी अघोरनाथांनी आणि त्यांच्या मित्रांनी केली होती. दरबाराने त्यांना नोकरीवरून दूर करून राज्याबाहेर घालवले. विद्यार्थ्यांचा निरोप घ्यायला त्यांना वेळ मिळाला असेल असे दिसत नाही. सरोजिनी तेव्हा चार वर्षांच्या होत्या. काही वर्षांनी दरबाराचे मन फिरले आणि त्यांना परत यायला मिळाले, पण मधली वर्षे त्यांच्या वर्गातल्या मुलांना काही परत मिळाली नाहीत.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचेही तसेच. चित्रकार म्हणून हैदराबादला आले, विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत लक्ष घातले, आणि राष्ट्रीय विचारांमुळे त्यांनाही हे शहर सोडावे लागले. ती शाळा १९०७ सालची, आणि अजून आहे.

आता जे लिहायचे ते आपल्या घरचे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकायचे तर खाजगी शाळा हाच आधार होता. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे, औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ चे, अंबाजोगाईचे योगेश्वरी १९१७ चे, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. खाजगी शाळेला सरकारची परवानगी लागे आणि ती कधी काढून घेतील याचा नेम नसे. या शाळांत शिकवणारे कितीतरी जण इंग्रजी मुलखात, म्हणजे सोलापूर-पुण्याकडे शिकून आलेले. सरहद्द ओलांडली की राज्य बदले, नाणे बदले, कायदा बदले. सोलापूरहून नळदुर्गाला येणारा मास्तर त्या अर्थाने परदेशीच नोकरीला येत असे.

त्यांतलेच एक व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सोलापूर, अमळनेर, पुणे असे शिक्षण झालेले. मजूर चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलेले. १९२९ मध्ये हिप्परग्याला मुख्याध्यापक म्हणून आले, पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे वगैरे सहकाऱ्यांसह अंबाजोगाईच्या योगेश्वरीत गेले. भगव्या वस्त्रातला हेडमास्तर! गणवेशावरून आजकाल एवढी भांडणे होतात म्हणून मुद्दाम लिहिले.

१९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली. त्या वर्षी ७ सप्टेंबरला हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली, २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि तीनच दिवसांत स्वामीजी तुरुंगात होते. देशभक्ताच्या चरित्रात हे वाक्य सहज येते, 'शिक्षकी सोडून चळवळीत उडी घेतली.' मास्तरकी केलेला माणूस ते वाक्य वाचताना जरा थांबतो. उडी घेतली, पण तासांचे काय झाले? कोणी घेतले? माझी समजूत अशी आहे की आधी शाळा सोडणे आणि मग कायदा मोडणे, हा क्रम त्यांनी जाणून पाळला असावा. मुख्याध्यापक सत्याग्रहात पकडला गेला असता तर सरकारने शाळेलाच टाळे ठोकले असते. योगेश्वरी टिकली, आज तिथे मोठे विद्यासंकुल आहे. औरंगाबादला गणित शिकवणारे गोविंदभाई श्रॉफही असेच नोकरी सोडून बाहेर पडले.

त्याच हिवाळ्यात उलटीही गोष्ट घडली. उस्मानियाच्या वसतिगृहात मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून बंदी आली, मुलांनी संप केला, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. संप औरंगाबाद-वरंगळपर्यंत पसरला. या मुलांना नागपूर विद्यापीठाने आत घेतले. कुलगुरू केदारांनी दार उघडले नसते तर कितीजणांचे शिक्षण तिथेच संपले असते. वरंगळचे एक विद्यार्थी पी. व्ही. नरसिंह राव पुढे नागपुरात कायदा शिकले. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, हे आपल्या दुभाषी घरांतून तरी माहीत असावे.

इथवर सांगणे सोपे होते. हे मोठे लोक, कारणेही मोठी. यापुढचे माझ्या वडिलांचे आहे.

अण्णा सोलापूरचे. आमचे घर पद्मशाली वस्तीला लागून, त्यामुळे तेलुगू त्यांना मराठीइतकीच येई. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य संपले. शाळांतून उर्दू मागे सरू लागली आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांचा तुटवडा पडला. मद्रास, आंध्र, मुंबई इलाख्यांतून माणसे भराभर आली. अण्णा १९५० मध्ये वरंगळच्या बाजूच्या एका गावी इंग्रजीचे मास्तर झाले. अडचण एकच होती. १९१९ पासून मुल्की नियम होता: सरकारी नोकरी राज्यातल्याला, आणि बाहेरच्याने राज्यात पंधरा वर्षे राहिल्याचा दाखला द्यायचा. असे दाखले तेव्हा पैसे टाकून मिळत. अण्णांनी तो घेतला होता. ते खोटे होते, आणि त्या दाखल्याने गावातल्याच कोणा उर्दू शिकलेल्या तरुणाची जागा अडली असणार. हे मला आईकडून कळले, अण्णांकडून कधीच नाही.

१९५२ च्या पावसाळ्यात वरंगळला ठिणगी पडली. शाळाखात्याच्या विभागीय निरीक्षकाने स्थानिक शिक्षकांच्या बदल्या करून बाहेरच्यांना नेमल्याची तक्रार झाली. विद्यार्थी रस्त्यावर आले. 'गैरमुल्की, परत जा' ही घोषणा गावोगाव पोचली. ३ आणि ४ सप्टेंबरला हैदराबादेत सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला, पोरे मेली. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव स्वतः पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, मराठी जाणणारे. त्यांनी मंत्रिमंडळाची उपसमिती नेमली, न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डींनी गोळीबाराची चौकशी केली. ते सगळे नंतरचे. अण्णा त्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने निघाले. शाळेची किल्ली शिपायाकडे दिली आणि राजीनामाही लिहिला नाही. मी सहा वर्षांचा होतो. ते एक ट्रंक घेऊन सोलापूरच्या घरात शिरले एवढे आठवते. पुन्हा त्यांनी मास्तरकी केली नाही. गिरणीच्या कचेरीत कारकुनी केली.

ते गेल्यावर ट्रंक मी उघडली. तळाशी दोऱ्याने बांधलेल्या इंग्रजीच्या अठ्ठावीस उत्तरपत्रिका होत्या. अकरा तपासलेल्या, सतरा कोऱ्या शाईच्या.

१९८९ मध्ये मी त्या गावी गेलो. मुख्याध्यापक सज्जन होते, त्यांनी कपाटातून जुने हजेरीपत्रक शोधून दिले. उर्दूत लिहिलेले. त्यांनीच वाचून दाखवले. अण्णांच्या नावापुढे सप्टेंबरच्या रकान्यांत एकच शेरा होता: बिला इत्तिला गैरहाजिर. म्हणजे न कळवता गैरहजर. बाजूच्या पानावर त्याच महिन्यात आणखी दोन नावांपुढे तोच शेरा होता, दोन्ही नावे मद्रासकडची. ज्या पोरांनी घोषणा दिल्या ती हीच पोरे, म्हणजे या अठ्ठावीसांतलीही असतील, हे माझ्या तिथेच लक्षात आले. उत्तरपत्रिका कचेरीत ठेवून घ्याल का, असे मी विचारले. ते म्हणाले, "सदतीस वर्षं झाली मास्टरगारू, मुलांना काय सांगू?" चहा पाजून त्यांनी मला एस.टी.वर, म्हणजे त्यांच्या बसवर, बसवून दिले.

परवाच्या रविवारी मी तो गठ्ठा पुतण्याच्या मुलाला दाखवला. त्याने वरची एक उत्तरपत्रिका काढून पाहिली. तपासलेली होती, पन्नासपैकी एकतीस. "याला कळलं का पण, एकतीस पडले ते?" त्याने विचारले. नाही म्हटले. मग तो बराच वेळ सतरा न तपासलेल्या चाळत बसला आणि एकीवरच्या व्याकरणाच्या चुका पेन्सिलीने काढू लागला. मी त्याला थांबवले नाही. त्याच्या क्लासला नवे सर आले आहेत, शिकवतात बरे, पण फळ्यावरचे ते अर्धे गणित त्यांनी पुसून टाकले.