‘आता पुरे’ म्हणायचा अधिकार कुणाला? इंग्लंडमधल्या परवान्यांची गोष्ट

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या परवाना विभागात आज तीन अगदी वेगळे अर्ज येतात. एकाला टॅक्सी चालवायचीय, दुसऱ्याला पब उघडायचाय, तिसऱ्याला बेटिंगचं दुकान काढायचंय. तिघांनाही एकच प्रश्न विचारावासा वाटतो : हे इथे आधीच पुरेसं नाही का? गंमत म्हणजे, हा प्रश्न विचारायचा की नाही याबद्दल तिन्हीकडचे कायदे वेगवेगळं सांगतात.

सुरुवात दारूपासून करू, कारण तिची कागदपत्रं सगळ्यात जुनी. १५५२ च्या कायद्याने बिअर विकायला दोन ‘जस्टिस ऑफ द पीस’ची परवानगी लागू लागली. हे लोक म्हणजे गावचे जमीनदार, बिनपगारी न्यायाधीश. कुठलं दुकान ठेवायचं, कुठलं बंद करायचं हे तेच ठरवत. १८३० मध्ये सरकारने हे उलटवलं. दोन गिनी भरा आणि अबकारी खात्याकडून थेट बिअरचा परवाना घ्या, न्यायाधीशांना विचारायचंच नाही! काही महिन्यांतच हजारो बिअरची दुकानं उभी राहिली. १८६९ मध्ये लगाम पुन्हा न्यायाधीशांच्या हातात आला.

१८९१ चा ‘शार्प विरुद्ध वेकफिल्ड’ हा निकाल मात्र नीट वाचा. वेस्टमोरलँडमधल्या केंटमिअर या आडबाजूच्या खोऱ्यातल्या खाणावळीचा परवाना नूतनीकरणाच्या वेळी नाकारला गेला. मालकिणीच्या वागण्याबद्दल तक्रार नव्हती. कारणं दोनच : पोलिसांना लक्ष ठेवायला जागा फार लांब, आणि परिसराला तिची गरज नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने हे मान्य केलं. म्हणजे ‘गरज नाही’ एवढ्यावर चालू धंदा बंद होऊ शकत होता. दारूधंद्यात खळबळ उडाली आणि १९०४ च्या कायद्यात अशा दुकानांना नुकसानभरपाई द्यायची सोय झाली. तिचा निधीही दारूधंद्याकडूनच वसूल व्हायचा.

आता थेट २००३. नव्या कायद्याने दारूचे परवाने न्यायाधीशांकडून कौन्सिलकडे दिले (अंमल नोव्हेंबर २००५ पासून). वरवर बघता ही लोकशाहीची बढती वाटते. पण कायद्याने चारच कसोट्या ठेवल्या : गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. गरज त्यात नाही. कुणी ग्राह्य हरकत घेतली नाही, तर परवाना द्यावाच लागतो. अधिकार निवडून आलेल्यांकडे आले खरे, पण त्यातला मुख्य प्रश्न काढून घेऊनच! एकाच भागात पबांची गर्दी झाली तर विशेष धोरण करता येतं, पण तेही या चार कसोट्यांच्या चौकटीत.

बेटिंगचं तसंच. १९६१ मध्ये दुकानं कायदेशीर झाली तेव्हा मागणी नाही म्हणून परवाना नाकारता येत होता. २००५ च्या कायद्याने मागणीचा विचार करायलाच मनाई केली. एका दुकानात चारच मशिन्सची मर्यादा होती, त्यामुळे शेजारीच आणखी एक दुकान काढणं कंपन्यांना परवडायचं. त्या मशिनवर एका डावाला १०० पौंडांपर्यंत लावता यायचे. २०१९ मध्ये ती मर्यादा २ पौंडांवर आली. हा बदल केला केंद्र सरकारने. कौन्सिलच्या हातात ते नव्हतंच.

टॅक्सीत मात्र जुना प्रश्न जिवंत आहे. १८४७ च्या कायद्याने लंडनबाहेरच्या गावांना वाटेल तेवढ्याच गाड्यांना परवाने द्यायची मुभा होती. १९८५ पासून संख्या रोखायची, तर लक्षणीय अपुरी मागणी शिल्लक नाही अशी आधी कौन्सिलची खात्री पटावी लागते. रस्त्यात हात करून थांबवता न येणाऱ्या, आधी बुक करायच्या गाड्यांना संख्येची मर्यादाच नाही.

महाराष्ट्रात दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आणि टॅक्सीचा आरटीओकडून मिळतो, म्हणून पालिकेचा संबंध चटकन लक्षात येत नाही. पण ‘आडवी बाटली’ आठवा. तिथे आवाज, भांडणं काही सिद्ध करावं लागत नाही. मतदानातून नुसतं ‘नको’ म्हणता येतं. इंग्लंडमधल्या रहिवाशाला तेवढं पुरत नाही, म्हणून तो गोंगाट आणि कचऱ्याच्या भाषेत हरकत लिहितो. कौन्सिलच्या फायली वाचताना हे ध्यानात ठेवा : लिहिलेलं कारण हेच त्याच्या मनातलं असेल असं नाही.

तुलना करायची असेल तर स्कॉटलंड घ्या. तिथल्या २००५ च्या कायद्यात दारूची दुकानं गरजेपेक्षा जास्त झालीत का, हे परवाना मंडळाने तपासायचंच असतं, आणि सार्वजनिक आरोग्य ही पाचवी कसोटीही आहे.