‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘डिग्नस’

यवतमाळ जिल्ह्यात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांना एक वेगळेच वजन आले आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणाची चौकशी होऊन ते मदतीस पात्र की अपात्र, याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती देते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने पात्र प्रकरणात वारसांना १ लाख रुपयांची मदत ठरविली. ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने.

‘पात्र’ म्हणजे मुळात भांडे. ज्याच्या ठायी दान टिकते तो ‘सत्पात्र’, आणि त्यावरून लायक माणूस, असा अर्थविस्तार झाला. म्हणजेच पात्रतेची कल्पना देणाऱ्याच्या नजरेशी जोडलेली आहे.

युरोपीय भाषांत हेच स्थान लॅटिन ‘डिग्नस’ या शब्दाचे. त्याचा अर्थ योग्य, लायक. त्यापासून स्पॅनिश ‘दिग्नो’, इटालियन ‘देन्यो’, फ्रेंच ‘दिन्य’ हे शब्द आले. इंग्रजीतील ‘डिग्निटी’ फ्रेंचमार्गे आला. तिरस्कार दाखविणारा ‘डिसडेन’ही याच मुळाचा. लायकी ठरविणे आणि तुच्छ लेखणे यांत अंतर किती थोडे असते, हे यावरून ध्यानात यावे.

प्राचीन रोममध्ये ‘डिग्नितास’ ही कुळाने, पदाने व पराक्रमाने मिळवायची गोष्ट होती. इसवी सनपूर्व ४९ मध्ये सुरू झालेल्या गृहयुद्धाचे समर्थन करताना सीझरने आपल्या ‘डिग्नितास’चाच आधार घेतला. पुढे अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांट याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते. प्रतिष्ठेला असा पर्याय नसतो. त्याने वापरलेला ‘व्युर्ड’ हा शब्द मात्र लॅटिन मुळाचा नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रतिष्ठा जन्मसिद्ध मानली. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे, आणि ती बंधुतेशी जोडलेली आहे.

मिळवायची लायकी ते जन्मजात प्रतिष्ठा, असा या शब्दाचा दोन हजार वर्षांचा प्रवास आहे. शासकीय कागदावरील ‘पात्र’ मात्र अजून निकषांच्या चौकटीत उभा आहे. जमीन कुटुंबाच्या नावे हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणारा किंवा विनापरवाना सावकाराचा ऋणको या चौकटीत सहज बसत नाही. सार्वजनिक निधीला निकष लागतात, हे खरे. पण अपात्र ठरते ते प्रकरण, माणूस नव्हे. घरी आलेल्या एका ओळीच्या पत्रात हा भेद उरत नाही. मागे राहिलेल्या पत्नीला त्यातून ऐकू येतो तो नवऱ्याच्या लायकीवरचा निकाल.