संगणकात आपली माहिती कुठे साठते?

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा ई-आधार मिळवण्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक नागरिकांना सेवा केंद्रातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर अवलंबून राहावे लागते. काम संपल्यानंतरही कागदपत्रांच्या प्रती त्या संगणकात उरू शकतात व परक्याच्या हाती पडू शकतात.

विंडोज प्रणालीत 'सी' ड्राइव्हवरील 'युजर्स' फोल्डरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र दालन असते. उतरवून घेतलेल्या फाइल्स सहसा त्यातील 'डाउनलोड्स'मध्ये साठतात. ब्राउझरने जतन केलेले पासवर्ड, कुकीज व पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद 'अ‍ॅपडेटा' या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असते. 'डिलीट' केलेली फाइल प्रथम 'रिसायकल बिन'मध्ये जाते. तेथून काढल्यावरही, हार्ड डिस्कवरील तिची जागा नव्या माहितीने व्यापेपर्यंत ती अनेकदा परत मिळवता येते.

सार्वजनिक संगणकावर ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकी वापरावी, पासवर्ड जतन करू नये व शेवटी लॉग-आउट करावे. मात्र उतरवलेली फाइल 'इन्कॉग्निटो'मुळे पुसली जात नाही. ती 'शिफ्ट' व 'डिलीट' या कळा एकत्र दाबून स्वतः काढावी. शक्य तेथे आधार क्रमांकाचे पहिले 8 अंक झाकलेली 'मास्क्ड आधार' प्रतच द्यावी.